पाच ते पावणेसहा

मंगळवार, ४ जुलै

आज घरात लॅपटॉप आला. एदेल्मिराला आगीच्या बंबवाल्यांच्या सोडतीत लागला म्हणे. बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईला सोडतीत साधी कोंबडीसुद्धा लागल्याचं मला आठवत नाही, म्हणून खोक्यावरचा कागद नीट वाचला. पाठवल्याचं ठिकाण पुंता आरेनास.

मी म्हटलं, "सोडत आपल्या आंकुदच्या बंबवाल्यांची, आणि माल इतक्या दक्षिणेहून कसा काय आला?"

ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तिकडे जकात नाही ना. सगळे तिकडूनच मागवतात."

हे पटण्यासारखं आहे.

घरात इंटरनेट एप्रिलपासून आहे. एदेल्मिराला पाककृती बघायच्या होत्या. अजून नवीन काही खायला मिळालेलं नाही. असो. मी चौतीस वर्षं इथल्या किनारी रेडिओ केंद्रावर बिनतारी यंत्रं चालवली, धुक्यात, वादळात, भूकंपाच्या रात्री. तेव्हा वायफाय नावाचा हा घरगुती बिनतारी प्रकार मला जड जाऊ नये.

दुपारी जोडलं. सव्वाचारला तुटलं. पुन्हा जोडलं. पाचला पार नाहीसं झालं, पावणेसहाला आपोआप परतलं. वारा वायव्येचा, जोराचा. वाऱ्यामुळेच असणार.

गुरुवार, ६ जुलै

वालपराइसोच्या एका सागरी संग्रहालयाचं पत्र आलं. ५ ऑगस्टला, शनिवारी चार वाजता, मी पडद्यावरून बोलावं अशी त्यांची इच्छा आहे. विषय : त्र्याण्णव सालच्या जूनमध्ये 'सान ताद्येओ' ही मासेमारीची बोट बुडायच्या बेतात असताना मी अकरा तास तिच्याशी संपर्क कसा टिकवला. सत्तर-ऐंशी माणसं ऐकणार आहेत, त्यांत आमच्या खात्यातले जुने लोकही असतील.

पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा एदेल्मिराला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ म्हाताऱ्या, तुला विसरले नाहीत." आणि लगेच फोन घेऊन बाहेर गेली. कुणाला एवढ्या तातडीनं सांगायचं होतं कोण जाणे.

वाराच कारण असेल तर ५ ऑगस्टला माझं तोंड उघडं राहून चित्र थिजेल, आणि अकरा तास संपर्क टिकवणाऱ्या माणसाला अकरा मिनिटं वायफाय टिकवता आलं नाही असं लोक म्हणतील. आजपासून प्रत्येक बिघाड वेळेसकट नोंदवायचा.

रविवार, ९ जुलै

चार दिवसांच्या नोंदींवरून दिसतं ते असं. बिघाड दोन जातींचा आहे. पहिला किरकोळ. मी विचार करत दहा मिनिटं शांत बसलो की लॅपटॉप वायफाय सोडून देतो, पुन्हा जोडावा लागतो. (मी बराच विचार करतो, त्यामुळे हे वारंवार होतं.) दुसरा गंभीर. रोज पाच ते पावणेसहा. वारा असो, नसो.

एवढा वक्तशीर बिघाड निसर्गाचा नसतो. भरती-ओहोटी म्हणावी तर ती रोज पुढे सरकते. यामागे माणूस आहे. शेजारच्या बाहामोन्देची विजेची करवत डोक्यात आली. तडक गेलो आणि म्हटलं, "संध्याकाळी पाचनंतर करवत चालवू नकोस. माझ्या लहरी बिघडतात."

तो दारातच वाकून उभा होता. म्हणाला, "ऑपरेटरसाहेब, करवत मार्चपासून बंद आहे. कंबर धरलीये माझी. तुमच्या लहरी आधीपासूनच तशा आहेत."

मी घरी आलो. करवत यादीतून खोडली.

बुधवार, १२ जुलै

मायक्रोवेव्हमुळे वायफाय बिघडतं असं वाचलं. शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, दोघांच्या लहरी जवळपास सारख्याच. ताबडतोब तो उचलून कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी नेऊन ठेवला. एदेल्मिरा म्हणाली, "छान. आता तिथेच जेवत जा."

पाच वाजता वायफाय गेलं ते गेलंच.

माझं कार्यालय माडीवर आहे, लाकडाच्या चुलीचं धुराडं तिथून जातं म्हणून ऊब असते. गुडघ्यांमुळे मी सारखा खाली-वर करत नाही. सहाला दहा कमी असताना एदेल्मिरा माते, म्हणजे नळीने ओढायचा आमचा पाल्याचा चहा, घेऊन वर येते, तेव्हा खाली जाऊन राउटर तपासतो. बोळातल्या कोनाड्यात, मेरीमातेच्या मूर्तीमागे तो जागच्या जागी असतो, दिवे लागलेले. पण हात लावला की गार. चालू यंत्र गरम हवं. हा बाहेरून फिरून आल्यासारखा गार का?

शनिवार, १५ जुलै

आज बिघाडाबद्दल लिहायचं नाही.

भाषणाची टिपणं काढताना जुनी वही चाळत होतो, त्यात यास्नाचं अक्षर सापडलं. सात-आठ वर्षांची असेल. टिंब आणि रेघांत स्वतःचं नाव लिहिलंय, एक टिंब चुकलंय. मीच शिकवलं होतं.

साडेतीन वर्षं झाली, मी माझ्या मुलीशी बोललेलो नाही. माझ्या निवृत्तीच्या जेवणात ती ग्लास घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पापाचं केंद्र वर्षभरात बंद होणार. त्याचं काम एक डबा करेल, आणि तो डबा चहाला उठणार नाही." सगळे हसले. बंदराचे प्रमुखसुद्धा. मीही हसलो, कारण तसा फोटो काढला जात होता. ती स्वतः तिकडे दक्षिणेत मोबाइलचे मनोरे उभारते. म्हणजे ज्यांनी आमचं दुकान बंद केलं त्यांच्यात.

केंद्र अकरा महिन्यांनी खरंच बंद झालं. हा तिच्या उद्धटपणाचा आणखी एक पुरावा आहे.

तिला मुलगी झाली हे एदेल्मिराने मला नोव्हेंबरमध्ये सांगितलं. मी "बरं" म्हणालो. त्यानंतर विषय निघालेला नाही. मी काढला नाही, आणि एदेल्मिरानेही काढला नाही. याचं मला खरं तर नवल वाटतं. ती अशी गप्प बसणारी बाई नव्हे.

बुधवार, १९ जुलै

आज एक चमत्कार झाला.

मी माडीवरून ओरडलो, "पुन्हा सोडलं यानं!" खालून एदेल्मिराचा आवाज आला, "बॅटरी वाचवायला ते वायफायच्या कार्डाला झोपवतं. सेटिंगमध्ये जा, वीज वाचवायच्या पर्यायावरची खूण काढ."

ही बाई इस्त्रीला 'ते गरम' म्हणते. मी जिन्यात येऊन विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

खाली भांडी वाजली. मग, "पावाच्या दुकानातल्या ओर्तेन्सियाने."

खूण काढली. वीस मिनिटं हात न लावता बसलो. तुटलं नाही. जेवून आलो, तरी जोडलेलंच. किरकोळ जातीचा बिघाड संपला! दोन आठवडे मी वाऱ्याची दिशा नोंदवत होतो, आणि एका पाववालीने घरी बसून निदान केलं. गावात केवढी बुद्धी दडलेली असते.

गुरुवार, २० जुलै

आभार मानायला स्वतः गेलो. सोबत आमच्या परसातले निळे बटाटे नेले. ओर्तेन्सियाबाई बटाट्यांकडे पाहतच राहिल्या.

"कशाबद्दल म्हणालात?"

"वीज वाचवायच्या खुणेबद्दल. एदेल्मिराने सगळं सांगितलं."

"अस्सं... एदेल्मिराने," त्या म्हणाल्या. मग एकदम, "हो हो! मीच. त्यात काय एवढं." आणि घाईने भट्टीकडे वळल्या. खरे जाणकार असेच संकोची असतात.

आमच्या राउटरला दोन लहरी आहेत. एकीवर पाच लिहिलंय, ती वेगवान. दुसरीवर दोन-दशांश-चार, ती सावकाश. संधी साधून विचारलं, "बाई, मी पाच घेऊ की दोन?"

त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "पाच घ्या. आत्ताच निघालेत, गरम आहेत."

शेवटचं वाक्य मला नीट कळलं नाही, पण सल्ला स्पष्ट होता. घरी येऊन लॅपटॉप पाचवर टाकला. बरोबर पिशवीत पाच पावही आले होते, ते मी मागितल्याचं आठवत नाही.

शनिवार, २२ जुलै

पाचवर टाकल्यापासून माडीवर काहीच पोचत नाही. एदेल्मिराला सांगितलं. ती संध्याकाळी माते घेऊन आली आणि म्हणाली, "ओर्तेन्सिया म्हणते, जस्ताच्या पत्र्याच्या घरात पाच वापरायचं नाही. ती भिंतीपाशीच दमते. दोन-चारच ठेव."

"अगं, पण पाच घ्या असं तिनेच मला तोंडावर सांगितलं!"

एदेल्मिराने माते हलवली, नळी पुसली, पुन्हा हलवली. "विचार बदलला तिने," ती म्हणाली.

दोन-चारवर आणलं. सुरळीत. पाच ते पावणेसहा मात्र नाहीच. भाषण चारला सुरू होईल. तासाभरात आटोपलं नाही तर बुडालो.

शुक्रवार, २८ जुलै

कंपनीचा तंत्रज्ञ आला. गृहस्थ पन्नाशीचा, शांत. लाईन ठीक, राउटर ठीक, लॅपटॉप ठीक. सगळं ठीक असताना बिघाड कुठे, असं विचारल्यावर खांदे उडवले. मग म्हणाला, "ही एवढी लांब वायर मागच्या दारापर्यंत कुणी नेलीये?"

एदेल्मिरा म्हणाली, "कपडे वाळत घालायला दोरी कमी पडते."

त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने सांगितलं की वायर फार मजबूत आहे, कपड्यांना उत्तम. आणि एदेल्मिराने दिलेला सफरचंदाचा केक दोनदा घेतला.

तो गेल्यावर मी राउटर उलटा करून पाहिला. तळाशी पांढरे कण! समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ, दुसरं काय. खात्रीसाठी जिभेवर ठेवून पाहिलं. कडू लागलं, आणि तोंडाला किंचित फेस आला. या खाडीचं मीठ असं नसतं. प्रदूषण फार वाढलंय.

हेही लिहून ठेवतो : एदेल्मिराची मला काळजी वाटते. पाचच्या सुमारास ती धुण्याच्या खोपट्यात असते, आणि आज खिडकी उघडली तर तिचा आवाज आला, "कोण गं ती? कोण गं ती दोन दातांची? आजीची सोनू ती!" खोपट्याला लागूनच खुराडं आहे. कोंबड्यांवर माणसाचा जीव जडतो हे मान्य. पण दात?

शनिवार, ५ ऑगस्ट

झालं. पार पडलं.

नोकरीचा निळा कोट घातला, एक बटण लागत नाही. चारला पडद्यावर चौकोनच चौकोन, प्रत्येकात एक डोकं. काही चौकोन काळे, नुसतं नाव. एका काळ्या चौकोनावर 'पाव ओर्तेन्सिया' असं होतं. शनिवारची गर्दी सोडून बाई हजर! मला भरून आलं. त्यांच्या चौकोनातून मधेच लहान मूल रडल्याचा आवाज आला आणि लगेच बंद झाला. बाई तर अविवाहित आहेत. गिऱ्हाइकाचं असेल.

बोट कशी शोधली, कप्तान वीसेन्तेला जागं ठेवायला मी त्याला दर दहा मिनिटांनी त्याच्या मुलांची नावं कशी विचारत होतो, सात मुलं होती आणि शेवटी तो एक नाव विसरायला लागला तेव्हा मी कसा ओरडलो, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही.

मग प्रश्न. घड्याळात पाच वाजलेले मला दिसले. पाच वाजून एक. दोन. पाच. वायफाय गेलं नाही! महिन्याभरात पहिल्यांदा. एदेल्मिरा माझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, जागची हलली नाही. कोंबड्यांकडेसुद्धा गेली नाही.

तेवढ्यात ओर्तेन्सियाबाईंच्या काळ्या चौकोनातून लिहिलेला प्रश्न आला : 'बोट किनाऱ्याला लागल्यावर तुम्ही काय केलंत?'

हा भाग टिपणांत नव्हता. मी म्हणालो, "घरी गेलो. सकाळचे सात वाजले होते. माझी मुलगी पाच वर्षांची होती, ती खिडकीत बसली होती, झोपायला तयार नव्हती. मला म्हणाली, पोचले का? मी म्हटलं, पोचले. ती म्हणाली, सगळे? मी म्हटलं, सगळे. मग ती तिथेच, खिडकीतच झोपली. पुढे मी बरीच पदकं पाहिली, पण मला वाटतं माझा अहवाल खरा तिलाच दिला होता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काळा चौकोन एकदम नाहीसा झाला. बाईंचे पाव करपत असतील.

मंगळवार, ८ ऑगस्ट

भाषण झालं तरी बिघाड उरलाच. काल पाचला पुन्हा गेलं. ज्याचं कारण कळत नाही असा बिघाड मी चौतीस वर्षांत कधी सोडला नाही. आज ठरवलं, बसून नोंदी करायच्या नाहीत, उठून मागावर जायचं.

पाच वाजले. वायफाय गेलं. लॅपटॉप उघडा धरून जिना उतरलो. बोळात आलो, मेरीमातेच्या मागे पाहिलं. कोनाडा रिकामा. राउटर चोरीला गेला! पण पडद्यावर एक रेघ दिसत होती, म्हणजे तो चालू होता, जवळच होता. मागच्या दाराशी दोन रेघा. पाऊस होता. लॅपटॉप कोटाखाली घेतला आणि वायर धरून चिखलातून गेलो. खोपट्याच्या दाराशी सगळ्या रेघा भरल्या. दार ढकललं.

एदेल्मिरा स्टुलावर बसलेली. धुण्याच्या यंत्रावर, साबणाच्या पुड्याला टेकून, आमचा राउटर. हातात फोन. फोनमध्ये यास्ना, आणि तिच्या मांडीवर दोन दातांची एक लहान मुलगी.

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. यास्नाचे केस कापलेले आहेत. ती थोडी माझ्या आईसारखी दिसायला लागली आहे.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बिनतारी यंत्र ओलाव्यात ठेवू नये."

"तेच मी आईला एप्रिलपासून सांगतेय, पापा," यास्ना म्हणाली.

"आणि साबणाजवळ तर नाहीच."

"नाहीच. पण घरातून खोपट्यापर्यंत रेंज येत नाही. तुझ्या भिंतींना दोन्हीकडून पत्रा आहे."

"पत्रा मी ठोकलाय. त्यात काही चूक नाही."

"पत्र्यात चूक नाही, राउटरच्या जागेत आहे. मूर्तीमागे कोण ठेवतं? मूर्ती पितळेची आहे!"

"मग कुठे ठेवायचा, तूच सांग."

तिने सांगितलं. मी हरकत घेतली. तिने कागदावर आमच्या घराचा नकाशा काढून दाखवला, माडीवरची खिडकी चुकीच्या बाजूला काढली, मी ती दुरुस्त केली. असं पाऊण तास चाललं. छोटीचं नाव रेनाता. तिने मधेच फोन चाटला, त्यामुळे काही मुद्दे मला दिसले नाहीत.

एदेल्मिरा पूर्ण वेळ एप्रनचं टोक डोळ्यांना लावून होती. म्हणाली, धुण्याच्या वाफेमुळे. यंत्र बंद होतं. मी ते बोललो नाही.

सोडतीबद्दलही एक शंका होती. तीही विचारली नाही.

शनिवार, १९ ऑगस्ट

राउटर आता जिन्याच्या वरच्या पायरीवर आहे, यास्नाने सांगितलेल्या जागी. (माझ्या मते एक पायरी खाली जास्त बरा, पण असो.) मायक्रोवेव्ह स्वयंपाकघरात परतला. अकरा दिवस झाले, एकही बिघाड नाही. रोज पाचला आम्ही दोघं टेबलाशी बसून यास्नाशी बोलतो. रेनाताला मी टेबलावर चमच्याने टिंब-रेघ वाजवून दाखवतो, ती हसते. तिसरा दात दिसतो आहे.

दुपारी एदेल्मिरा म्हणाली, "सप्टेंबरच्या सुट्टीत ये म्हणावं तिला."

"तिला कामं असतात. मनोरे कुणी सोडून येतं का?"

"तू बोलावलंस तर येईल."

"मी कशाला बोलावू? तिला कळत नाही का?"

एदेल्मिराने माझ्याकडे पाहिलं, मला ते पाहणं आवडत नाही, आणि ती कांदा चिरायला लागली.

संध्याकाळी बोलताना हवापाण्याचं झालं, रेनाताच्या खोकल्याचं झालं. मग मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आज चार वाजून दहा मिनिटांनी कनेक्शन तुटलं होतं."

हे खोटं आहे. चौतीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केली नाही आणि आज केली. शेजारी बटाटे सोलणाऱ्या एदेल्मिराची सुरी थांबली.

"तुटलं?" यास्ना म्हणाली. "थांब, इथून बघते." तिने काही कळा दाबल्या. बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. मग गंभीरपणे म्हणाली, "पापा, हे फारच बिघडलंय. इतकं वाईट मी क्वचित पाहिलंय. लांबून होण्यातलं नाही, मला हत्यारं घेऊन यावंच लागेल. सप्टेंबरमध्ये रेनाताला घेऊन येते."

मी चकित झालो. चित्र एवढं स्वच्छ होतं की रेनाताच्या हनुवटीवरचं केळं मला दिसत होतं. आवाज जणू शेजारच्या खोलीतून. काडीचाही बिघाड नाही, आणि रोज मनोरे उभारणाऱ्या बाईला एवढंही ओळखता येऊ नये! हल्ली शिकवतात तरी काय?

पण मी तिची चूक काढली नाही. आली की स्वतःच्या डोळ्यांनी बघेल.

"दुरुस्तीला चार दिवस तरी लागतील," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आठवडा धर."